थोरलीचा फाळका

गुरेघर, १८ नोव्हेंबर

चांदभावजी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे फाडणार असाल, तर आधी वाचा आणि मग फाडा. फोनच करणार होते. पण फोनवर मी एकतर भांडेन नाहीतर रडेन, आणि तुम्ही दोन्ही वेळेला फोन ठेवून द्याल. पत्र निदान खिशात तरी राहतं.

तुमच्या तात्याचं, म्हणजे ह्यांचं, हृदयाचं ऑपरेशन झालं. मिरजेतच झालं, तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर म्हणा ना. दिवाळीच्या फराळाचे डबे अजून संपले नव्हते आणि आमची सगळी वरात दवाखान्यात. आता धोका टळलाय. लेकीकडं, सईकडं आहेत, मिरजेतच, तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात. डॉक्टरांनी सांगितलंय, थंडी जाईपर्यंत डोंगरावर पाऊल टाकायचं नाही. इथल्या थंड हवेनं छाती धरली तर सगळं केलेलं पाण्यात जाईल. म्हणजे होळीपर्यंत ते खाली आणि मी वर. स्ट्रॉबेरी आत्ता कुठं फुलोऱ्यावर आलीय, ती टाकून मी जाऊ कुठं?

स्ट्रॉबेरीचं मी बघेन. प्रश्न माझ्या चार सवतींचा आहे.

तुम्हाला आठवतात ना? थोरली, लंगडी, मुकी आणि धाकटी. चार म्हाताऱ्या पिकअप गाड्या. दगडी शेडमध्ये ओळीनं उभ्या आहेत, तुम्ही गेलात तेव्हा होत्या तशाच. लोक म्हातारपणी तीर्थाला जातात, आमच्या घरातल्या माणसानं भंगारवाल्यांकडं फेऱ्या मारल्या आणि निम्म्या फेऱ्यांना तुम्ही बरोबर होतात, तेव्हा निम्मा दोष तुमचा. दर हिवाळ्यात त्यांना काय काय करावं लागतं ते ह्यांना ठाऊक आणि तुम्हाला ठाऊक. मला फक्त एवढं ठाऊक की हे पहाटे उठून माझ्याआधी त्यांना बघायला जातात.

आता रोज संध्याकाळी फोन येतो. 'उमा, गाड्या बऱ्या हायत का?' जेवलीस का, नाही. अंग दुखतंय का, नाही. मी म्हणते, बऱ्या आहेत. सई सांगते, ते व्यायाम करत नाहीत, औषध घेताना तोंड फिरवतात, दिवसभर खिडकीतून बघत बसतात. फोन करताना तेवढे सरळ बसतात. चांदभावजी, मी घाबरलेय. उद्या हे वर आले आणि त्यांच्या गाड्या गंजून, उंदरांनी खाऊन पडलेल्या दिसल्या, तर तो माणूस पुन्हा खाली बसेल आणि उठायचा नाही. डॉक्टरांनी शिवलेलं सगळं तिथंच उसवेल.

तुमचं आणि ह्यांचं जे झालं ते तुमचं तुम्ही बघा. थोरली तुमच्या अब्बांनी रंगवलेली, तंबोऱ्याचे भोपळे आणायची गाडी. अब्बांचं सगळं आयुष्य तंबोऱ्यांवर वेलबुट्टी काढण्यात गेलं आणि तीच वेल त्यांनी हौसेनं गाडीच्या मागच्या फाळक्यावर काढली. ती गाडी तुम्ही दोघांनी भंगारातून सोडवून आणलीत. तुम्ही म्हणालात, रंगाला हात लावायचा नाही. आणि ह्यांनी जुन्या गाड्यांच्या रॅलीच्या आधी सगळी गाडी बाटलीच्या हिरव्या रंगानं रंगवून टाकली. मला तेव्हाही पटलं नव्हतं. पण तुम्ही आलात, फाळक्यावर हात फिरवलात आणि एक शब्द न बोलता निघून गेलात. सहा वर्षं. शिव्या दिल्या असत्यात तर मी चहा टाकला असता, भांडण मिटलं असतं.

ह्यांनी मला लिहायला सांगितलेलं नाही. कळलं तर माझं काही खरं नाही. मला फक्त सांगा, थंडीत गाड्यांचं काय करायचं?

उमा

*

गुरेघर, २ डिसेंबर

चांदभावजी,

तुमचं उत्तर मिळालं. नमस्कार नाही, खुशाली नाही, खाली सही सुद्धा नाही. नुसते हुकूम. आमच्या ग्रामपंचायतीची नोटीस यापेक्षा प्रेमळ असते.

पण सगळं केलं हो. हँडब्रेक सैल केले. डिझेलच्या टाक्या गळ्यापर्यंत भरल्या, कारण तुम्ही लिहिलंत रिकाम्या टाकीला आतून घाम सुटतो. मला वाटायचं घाम माणसालाच सुटतो. सायलेन्सरच्या तोंडात चिंध्यांचे बोळे कोंबले. बॅटऱ्या काढून घरात आणल्या, त्या आता देवघराशेजारी पाटावर बसल्यात. रंगुबाई त्यांना येता-जाता नमस्कार करते. रंगुबाई म्हणजे माझ्याकडं स्ट्रॉबेरी तोडायला येते ती, तुम्ही ओळखता. तिनं आणि मी मिळून चारी गाड्या जॅकनं उचलून ठोकळ्यांवर घेतल्या. शेवटाला ती म्हणाली, 'आवं वयनी, चार बाळंतिणी उठवून बसवल्या असत्या तरी एवढी दमले नसते.'

आणि दर रविवारी सुरू करणं. डिझेलवाल्या तिघी बॅटरी जोडली की खोकत खोकत का होईना सुरू होतात. थोरली पेट्रोलवाली, तिचे नखरे वेगळे. चोक ओढा, मग पुढून हँडल मारा. तुम्ही लिहिलंत, नुसती घरघर करून बंद करायची असेल तर सुरूच करू नका, इंजिन नीट तापेपर्यंत चालू द्या. तेही केलं. आणि त्याच ओळीच्या खाली बारीक अक्षरात लिहिलंत, 'हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. उलटं फिरलं तर अंगठा मोडतो.'

नमस्कार घालायला शाई नव्हती, पण अंगठ्याची काळजी करायला होती. बरं वाटलं मला. सहा वर्षांत पहिल्यांदा वाटलं, चांदभावजी आहेत अजून.

म्हणून आगाऊपणा करते. एकदा सईकडं जाऊन याल का? ह्यांना बघून या. बोलू नका हवं तर. चहा प्या आणि या. राजवर्धन साताऱ्याहून मुद्दाम बघायला आले होते. तेच, चकचकीत गाड्यांचे मालक. रॅलीच्या आधी आमच्या अंगणात उभं राहून थोरलीला 'हे भंगार ढकलत आणणार का' म्हणून हसले होते ते. सफरचंदं ठेवली आणि तासभर स्वतःच्या नव्या गाडीबद्दल बोलले. सई म्हणाली, ते गेल्यावर बाबा भिंतीकडं तोंड करून झोपले.

तुमचं नाव ह्यांनी घेतलेलं नाही. पण परवा फोनवर विचारलं, 'पान्यांची पिशवी खुंटीवरच हाय न्हवं?' ती पिशवी तुमची आहे. तुम्ही विसरून गेलात ती. सहा वर्षांत त्यांनी ती खुंटीवरून हलवू दिलेली नाही, मी झाडताना सुद्धा.

उमा वहिनी

*

गुरेघर, २१ डिसेंबर

चांदभावजी,

काय थंडी पडलीय म्हणून सांगू! काल पहाटे वेण्णा तलावाकडं दव गोठलं. पर्यटक गाडीच्या टपावरचं बर्फ खरवडून फोटो काढत होते, आणि आम्ही शेतकरी डोक्याला हात लावून बसलेलो. पण माझी स्ट्रॉबेरी वाचली. सांज व्हायच्या आत सगळ्या वाफ्यांवर प्लास्टिक ओढून कडा मातीनं दाबल्या होत्या. रोपांना सांगितलं, झोपा गपचूप.

आणि तुम्हाला हसू येईल, पण सवतींनाही तेच पांघरूण घातलंय. मागच्या पत्रानंतर लगेचच. शेडच्या दगडांतून गारठा आत येतो, सकाळी टपावर हात ठेवला तर बोटं बधिर होतात. मला बघवेना. वाफ्यांवरच्या टनेलसाठी आणलेलं प्लास्टिक उरलं होतं, ते चौघींना वरून खालपर्यंत गुंडाळलं आणि सुतळीनं करकचून बांधलं. मुंगी शिरायला जागा ठेवली नाही. रविवारी फक्त बॉनेटपुरतं वर करते आणि सायलेन्सरचं तोंड मोकळं करते, बाकीचं बांधूनच असतं. रंगुबाई म्हणाली, 'गाड्यांला पांघरूण आन् आमी हितं कुडकुडतोय.' तिला माझी जुनी शाल दिली, गप्प बसली.

ह्यांना फोनवर सांगितलं नाही. आल्यावर बघतील आणि म्हणतील, उमाला कळतं काहीतरी.

आता दुसरी गोष्ट. सई सांगत होती, तिच्या घरासमोर उसाच्या रसाचं दुकान आहे, तिथं रोज सकाळी एक उंच म्हातारे उभे असतात. डोक्यावर विणलेली टोपी, पायजमा घोट्याच्या वर. रस पीत नाहीत. दुसऱ्या मजल्याकडं बघतात आणि जातात. दुकानदार वैतागलाय म्हणे.

मी सईला म्हटलं, असेल कुणीतरी. लोकांना काय, उद्योग नसतो.

चांदभावजी, जिन्याला कठडा आहे. धरून चढता येईल.

उमा वहिनी

*

मिरज, २४ डिसेंबर

वहिनी,

पत्र आत्ता मिळालं. नातीला, आसियाला लगेच पोस्टात पिटाळतोय, शिवाय तुम्हाला फोन पण लावला, तुमचा लागत नाही. धुक्यात तुमच्या गावाचा फोन आणि माझी म्हैस सारखीच, मर्जी असेल तरच उठते.

ते प्लास्टिक आत्ताच्या आत्ता काढा. वाचून झाल्यावर नाही, वाचता वाचता काढा. अहो, ते रोप आहे आणि हे लोखंड आहे. रोपाला ओल लागते. गाडीला मोकळी हवा लागते, गार असली तरी चालते. दिवसा उन्हानं आत वाफ धरते, रात्री ती थंडीनं पाणी होऊन पत्र्यावर बसते. गंज राहू द्या, रंग आधी उचलतो. तात्याला आणि मला हे इतकं ठाऊक होतं की सांगायचं सुचलंच नाही. चूक माझी. तुम्ही रडू नका.

झाकायचंच असेल तर जुन्या सुती चादरी टाका, सैल. आणि सूर्य वर आला की शेडची दारं उघडा.

रसाच्या दुकानाचं मला काही माहीत नाही.

चांदसाहेब

*

गुरेघर, ३१ डिसेंबर

चांदभावजी,

वर्षाचा शेवटचा दिवस. गावात रिसॉर्टवाल्यांचे कर्णे लागलेत आणि मी शेडमध्ये कंदिलापाशी बसून लिहितेय, इथली लाईट गेलीय.

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. सुतळी सोडत बसले नाही, विळ्यानं कापली. लंगडी, मुकी आणि धाकटी बऱ्या आहेत. ओल्या गच्च होत्या, पुसून उन्हं दिली. धाकटीच्या दाराला तांबूस ठिपके आलेत, तेवढंच.

थोरलीचं प्लास्टिक शेवटी ओढलं.

सगळ्या हिरव्या रंगाला फोड आलेत. तळलेल्या पापडासारखे. ओढलं की पापुद्रा निघतो. फाळक्यावरचा तर डाव्या बाजूनं हातभर लोंबत होता. रंगुबाई 'अगं बाई' म्हणून मटकन बसली आणि मी तिथंच उभी राहून ओक्साबोक्शी रडले. मनात आलं, संपलं. हे येणार, शेडचं दार उघडणार, आणि पहिली थोरलीच दिसणार. उमाला कळतं म्हणे! जीव सांभाळायला दिला आणि मी साल काढून ठेवली. संध्याकाळी फोन आला तर उचललाच नाही. लग्नाला सदतीस वर्षं झाली, असं कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, निदान लोंबणारं तरी काढून टाकू. नखानं हलकेच ओढलं.

चांदभावजी, खाली पान होतं.

एक हिरवं पान, वेगळ्याच हिरव्याचं, कडेला पिवळी रेघ. त्याच्या देठाला दुसरं. मग एक लाल फूल. मी ओळखलं, ओळखणार नाही? सईच्या लग्नात तुम्ही दिलेल्या तंबोऱ्यावर हीच वेल आहे. फाळक्याच्या डाव्या बाजूला ती आत्ता हातभर उघडी झालीय. धड आहे. एक ओरखडा नाही.

 मग माझ्या डोक्यात आलं ते तुम्हाला सांगते, कारण तुमच्या डोक्यात ते माझ्या आधी येईल.

रंग द्यायच्या आधी जुना खरवडून काढतात. हे काय मला शिकवायला पाहिजे? ह्यांना विळ्याच्या मुठीला रंग द्यायचा असला तरी आधी पॉलिशपेपर मारतात. आमच्या फाटकाला रंग द्यायला आलेला पेंटर घासता घासता पळून गेला. बाकीची थोरली मी बघितली, दारं, बॉनेट, टप, सगळीकडं हिरव्याखाली कोरा पत्रा आहे. खरवडलेला, पॉलिशपेपरच्या रेघा दिसतात. तिथं रंगाला फोड आलेत, पण पापुद्रा ओढावा लागतो. फक्त फाळक्यावर खाली जुना रंग तसाच. हातच लावलेला नाही. म्हणून तो चादरीसारखा सुटला.

का, ते मी त्यांना विचारणार नाही. मी विचारलं तर 'घाईत राहिलं' म्हणतील आणि विषय बदलतील. तुम्ही विचारा. सहा वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं, ते आता विचारा.

उरलेल्या फाळक्याला मी हात लावणार नाही. अब्बांचं काम आहे, ते तुम्हीच येऊन उघडा. फोटो काढलेला नाही. फोटोत बघायची वस्तू नाही ही. पाकिटात एक पापुद्रा घालतेय. वरून तात्यांचा हिरवा आहे. उलटा करून उजेडात धरा, पाकळीची लाल कड उमटलेली दिसेल.

जपून उघडा. मोडेल.

उमा

*

मिरज, ९ जानेवारी

उमा वहिनी,

नमस्कार. तुम्ही टोचलंत म्हणून आधी नमस्कार लिहिला. आम्ही सगळे बरे आहोत, आसियाची परीक्षा जवळ आलीय, म्हैस व्यायली. झाली खुशाली?

पापुद्रा अख्खा पोचला. अब्बा फुलाच्या कडेला लाल लावून तो ओला असतानाच करंगळीनं थोडा पुसायचे. करंगळीचा तो फराटा पण दिसतोय. मी तो वहीच्या पानात ठेवला आणि एक दिवस काहीच केलं नाही. तंबोऱ्यांचं दुकान उघडलं नाही. संध्याकाळी आमची घरवाली अख्तरबी म्हणाली, 'तुमी बसल्यानं काय तात्या खाली यील का? तुमीच जावा की.'

काल गेलो. कठडा धरला.

सईनं दार उघडलं आणि चहा टाकायला आत गेली, तुमचीच लेक. तात्या खिडकीत बसला होता. वहिनी, किती वाळलाय हो. शर्टात माणूस आहे का नुसता हँगर, असं झालं मला. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, 'आलास व्हय. रस प्यालास का न्हाई मग?'

त्याला रोज दिसत होतो मी. खिडकीतूनच बघत होता मेला.

मी पापुद्रा त्याच्या हातावर ठेवला. त्यानं चष्मा शोधला, लावला, हिरवी बाजू बघितली, मग उलटा केला. परत सरळ, परत उलटा. मला राग यायला लागला होता, खरं सांगतो. म्हटलं, 'एवढा घासून घासून काम करणारा गडी तू. फाळका घासायचा विसरलास?'

'इसरलो न्हवतो.'

'मग?'

'त्या राजवर्धननं भंगार म्हटलं, डोकं फिरलं माजं. सगळी गाडी घासली. फाळक्यापाशी आलो. पॉलिशपेपर पैल्या पानावर ठेवला आन् अब्बा डोळ्याम्होरं आलं. हात चालंना चांद्या. लय लाज वाटली. न्हाई घासवत म्हून सांगू कुणाला? वरनं रंग मारला आन् मोकळा झालो.'

'मला का नाही सांगितलंस?'

'तू थांबलास का सांगायला?'

 नाही थांबलो. तो रडला, मी रडलो, सई आतून चहा घेऊन आली ती दारातच थांबली. मग तिला तात्या म्हणाला, 'बिस्किटं आण की, का चाच्याला तसाच लावून देतीस?' सई सांगते, ऑपरेशन झाल्यापासून त्यानं स्वतःहून मागितलेली ही पहिली वस्तू. मागितली माझ्यासाठी, खाल्ली त्यानं.

आज सकाळी परत गेलो. जिना उतरवून त्याला खाली आणला, रसाच्या दुकानापर्यंत. बाकावर बसून दम खाल्ला, परत वर गेला. उद्यापासून पुढच्या वळणापर्यंत न्यायचं ठरलंय. दुकानदार म्हणाला, आता तरी रस घ्या.

प्लास्टिकचं त्याला सगळं सांगितलं. तुम्ही फोन का उचलला नाही तेही. तो हसला, छातीला हात धरून हसला. म्हणाला, 'उमानं गाडीची स्ट्रॉबेरी केली.' आज संध्याकाळी फोन येईल तो उचला. गाड्यांचं विचारणार नाही. तुम्ही जेवलात का ते विचारायला सांगितलंय मी.

आता माझं एक काम. फाळका मी येऊन उघडावा असं तुम्ही लिहिलंत. रात्रभर विचार केला. नको. सुटलंय तेवढं सुटलं, बाकीचा रंग राहू द्या. त्याच्या कडा मी लाखेनं पक्क्या करीन, म्हणजे आणखी उचलणार नाही. दारं, बॉनेट पुन्हा घासून रंगवू, तोच बाटलीचा हिरवा. वेल अब्बांची आहे, पण तो हिरवा माझ्या दोस्ताचा आहे. ज्याला घासवलं नाही त्याचा. अब्बा असते तर त्यांनीही पुसू दिला नसता.

होळीनंतर आम्ही दोघं वर येतोय. घाटात गाडी मी चालवणार, तो बोलणार. सुती चादरी सैल ठेवा, दारं उन्हात उघडी ठेवा, आणि पान्यांची पिशवी आहे त्याच खुंटीवर राहू द्या.

रविवारी थोरलीला हँडल मारताना अंगठा सांभाळा.

तुमचा भावजी,
चांदसाहेब